पडद्यावरचे कुलूप

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम हे गाव लागते. गाव कावेरीच्या सुपीक प्रदेशातले, चहूकडून भातशेतीने वेढलेले. कर्नाटक संगीताच्या रसिकांना ते पापनाशम शिवन् या थोर रचनाकाराच्या नावामुळे परिचित आहे. या गावातील पालैवननाथर मंदिरापाशी धान्याचे एक जुने कोठार उभे आहे. मराठे तंजावरास येण्यापूर्वी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नायक राजांच्या अमदानीत ते बांधले गेले. त्यात ३,००० कलम भात मावे असे सांगतात. कलम हे तमिळ मुलखातले धान्य मोजण्याचे जुने माप. एवढे धान्य एके ठिकाणी साठवायचे, तर दाराला कुलूप हवे आणि किल्ली एखाद्या जबाबदार माणसाच्या कमरेला हवी, हे ओघानेच आले. पुष्कळांच्या धान्याचे रक्षण करायचे असते, तेव्हा कुलपाबद्दल कोणी तक्रार करीत नाही. पण त्याच गावातील एखाद्या शेतकऱ्याच्या घरच्या कणगीला बाहेरच्या कोणी येऊन कुलूप लावले आणि ‘धान्य तुझेच आहे, मात्र झाकण केव्हा आणि किती उघडायचे ते आम्ही ठरवू’ असे सांगितले, तर तो शेतकरी ते सहन करील काय?

कोठाराचे कुलूप आणि कणगीचे कुलूप यांतील हा भेद आज एका ठिकाणी वारंवार विसरला जातो. ते ठिकाण म्हणजे संगणकाचा पडदा. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. पडद्याच्या कडेला बोटभर रुंदीची एक पट्टी असते; तिला पॅनेल म्हणतात. तिच्यावर घड्याळ असते, उघडलेल्या कामांची नावे असतात, नेहमी लागणाऱ्या साधनांची चिन्हे असतात. ही पट्टी वर असावी की खाली, तिच्यावर कोणते चिन्ह ठेवावे आणि कोणते काढावे, हे वापरणाऱ्याने ठरवावे की प्रणाली घडविणाऱ्याने, एवढाच हा वाद. परंतु लिनक्सच्या जगात २०११ सालापासून या बोटभर पट्टीवरून जो असंतोष माजला, त्यातून नव्या प्रणाली जन्मास आल्या, मोठमोठ्या माणसांनी जुनी घरे सोडली आणि स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न पुन्हा विचारला गेला. तेव्हा हा विषय थोडा सावकाशीने पाहण्याजोगा आहे.

पापनाशमसारख्या गावांपर्यंत हा प्रश्न पोचला तो तमिळनाडू सरकारच्या एका योजनेमुळे. १५ सप्टेंबर २०११ रोजी, अण्णादुराई यांच्या जयंतीदिनी, तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांनी सरकारी आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्यास आरंभ केला. खरेदीचे काम एल्कॉट या सरकारी महामंडळाकडे होते. पुढील काही वर्षांत असे लक्षावधी संगणक वाटले गेले. कावेरीच्या खोऱ्यातील कितीतरी घरांत आलेला तो पहिलाच संगणक असेल. या लॅपटॉपांत दोन प्रणाली घालून दिलेल्या असत. एक विंडोज आणि दुसरी बॉस. बॉस म्हणजे ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स’. सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई येथील केंद्राने लिनक्सच्या पायावर ती उभी केली आणि २००७ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली. तमिळ, मराठी आणि इतर अनेक भारतीय भाषांत काम करण्याची सोय तीत आहे.

लिनक्सचे बीज १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने पेरले. परंतु त्यामागचा विचार त्याहून जुना आहे आणि तो एका कुलपातूनच उपजला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हे काम करीत असत. तेथील छपाईयंत्रात कागद अडकला, तर दूर बसलेल्या माणसाला ते कळत नसे. आधीच्या यंत्राच्या आज्ञावलीत फेरफार करून स्टॉलमन यांनी तशी सूचना मिळण्याची सोय केली होती. पुढे नवे यंत्र आले. त्याची मूळ आज्ञावली मात्र त्यांना मिळेना. मागूनही मिळाली नाही. यंत्र समोर आहे, दोष दिसतो आहे, दुरुस्तीचे ज्ञानही आहे, आणि तरी हात बांधलेले आहेत, असा हा प्रसंग. या अनुभवाचा ठसा त्यांच्या मनावर राहिला आणि १९८३ साली त्यांनी मुक्त प्रणालीची घोषणा केली. प्रणाली कोणत्याही कामासाठी वापरावी, ती कशी चालते ते तपासून हवी तशी बदलावी, तिच्या प्रती इतरांना द्याव्यात आणि सुधारलेल्या प्रतीही वाटाव्यात, हे चार हक्क वापरणाऱ्याला असले पाहिजेत, असा त्या विचाराचा गाभा. म्हणजे ज्या चळवळीचा जन्मच वापरणाऱ्याच्या वैतागातून झाला, त्याच चळवळीच्या घरात पुढे वापरणाऱ्याला पट्टी हलविता येईना. हा विरोधाभास कसा घडला?

त्यासाठी ग्नोम या पडदारचनेची हकीगत पाहावी लागते. १९९७ साली मेक्सिकोतील मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या दोन तरुणांनी ती सुरू केली. २००२ साली तिची दुसरी मालिका निघाली आणि सुमारे नऊ वर्षे जगभरच्या लिनक्स वापरणाऱ्यांना तिची सवय झाली. पडद्यावर एक पट्टी वर, एक खाली. पट्टीवर माऊसची उजवी कळ दाबली की लहानशी यादी उघडे. त्या यादीतून नवे चिन्ह ठेवता येई, जुने काढता येई, पट्टी दुसऱ्या कडेला नेता येई. एखादे चिन्ह चुकून हलू नये म्हणून त्याला जागच्या जागी कुलूप लावण्याचीही सोय होती. हे कुलूप वापरणाऱ्याने स्वतः लावायचे आणि स्वतःच काढायचे. घरातले मूल रांगू लागले की आई कपाटाला कडी लावते, त्यातलाच हा प्रकार. त्याबद्दल कोणाची कुरकुर नव्हती.

दुसऱ्या प्रकारचे कुलूप व्यवस्थापकाचे. शाळेच्या संगणककक्षात एकाच यंत्रावर दिवसभरात अनेक विद्यार्थी बसतात. पहिल्या तासाच्या मुलाने पट्टी काढून टाकली, तर दुसऱ्या तासाच्या मुलीने काय करावे? म्हणून व्यवस्थापकाने पट्टी गोठवून ठेवावी, अशी तजवीज ग्नोममध्ये आहे आणि केडीई या दुसऱ्या प्रसिद्ध पडदारचनेतही आहे. व्यवस्थापक एका फाइलीत कुलपाखाली ठेवायच्या गोष्टींची नोंद करतो आणि मग सामान्य वापरणाऱ्याला त्या बदलता येत नाहीत. ग्रंथालय, बँक, परीक्षेचे केंद्र, अशा ठिकाणी हे कुलूप योग्यच म्हटले पाहिजे. ते कोठाराचे कुलूप आहे.

तिसऱ्या प्रकारचे कुलूप मात्र वेगळे. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी मालिका आली. खालची पट्टी गेली. वरची राहिली, पण तिच्यावर उजवी कळ दाबून काहीही उघडेना. चिन्हे ठेवण्याची, काढण्याची, पट्टी हलविण्याची सोय काढून टाकण्यात आली होती. खिडकी लहान करून बाजूस ठेवण्याचे जे बटण वर्षानुवर्षे कोपऱ्यात होते, तेही दिसेनासे झाले. ज्यांच्या यंत्रात नवी चित्ररचना पेलण्याची शक्ती नव्हती, त्यांच्यासाठी जुन्यासारखी दिसणारी एक पर्यायी मांडणी ठेवली होती. तेथे पट्टी जुनीच दिसे. पण उजवी कळ नेहमीप्रमाणे दाबली तर काही घडत नसे. कळफलकावरील आल्ट ही कळ धरून मग उजवी कळ दाबावी लागे. किल्ली होती, पण ती कोणत्या कोनाड्यात ठेवली आहे ते पडद्यावर कोठेही लिहिलेले नव्हते. २०१३ साली ही पर्यायी मांडणीही बंद झाली. हे कुलूप वापरणाऱ्याने लावले नव्हते, व्यवस्थापकानेही लावले नव्हते. ते घडविणाऱ्यानेच लावले होते, आणि तेही प्रत्येकाच्या घरच्या कणगीला.

ग्नोम एकटेच या वाटेने गेले असे नाही. त्याच महिन्यात उबुंटू या लोकप्रिय लिनक्सने युनिटी नावाची आपली रचना सर्वांसाठी रूढ केली. तिची चिन्हांची पट्टी पडद्याच्या डाव्या कडेला खिळलेली होती. ती खाली नेता यावी ही मागणी वापरणारे करीत राहिले. तशी सोय एप्रिल २०१६ च्या आवृत्तीत मिळाली. एक पट्टी डावीकडून खाली यायला पाच वर्षे लागली! व्यापारी जगातही हेच घडत होते. विंडोजच्या सातव्या आवृत्तीची ‘स्टार्टर’ नावाची एक स्वस्त प्रत होती. तीत पडद्यामागचे चित्रसुद्धा बदलता येत नसे. आणि विंडोजची खालची पट्टी १९९५ सालापासून पडद्याच्या चारही कडांना नेता येत होती. २०२१ साली अकरावी आवृत्ती आली तेव्हा तीही तळाशी खिळवलेली निघाली.

स्वस्त प्रतीतील कुलपाचे कारण उघड आहे. चित्र बदलायचे असेल तर अधिक पैसे मोजा आणि वरची प्रत घ्या, हा व्यापार झाला. पण लिनक्समध्ये विकण्यासारखी वरची प्रत नसते. मग तेथे कुलूप कशासाठी? घडविणाऱ्यांची बाजू नीट ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ग्नोमच्या घडणीत मोठा वाटा असलेल्या हॅव्हक पेनिंग्टन यांनी २००२ सालीच असे प्रतिपादन केले होते की, वापरणाऱ्याला दिलेल्या प्रत्येक निवडीची किंमत मोजावी लागते. निवडींची यादी लांबली की त्यांतील महत्त्वाची निवड सापडत नाही. दहा गोष्टी प्रत्येकी दोन तऱ्हांनी बदलता येत असतील, तर हजाराहून अधिक निरनिराळ्या मांडण्या होतात; त्या सर्व तपासून पाहणे घडविणाऱ्याला अशक्य होते आणि दोष राहून जातात. पुष्कळदा तर निवड ठेवणे म्हणजे घडविणाऱ्याने स्वतः विचार करण्याचे टाळून तो भार दुसऱ्यावर टाकणे असते. शिवाय सर्वांचा पडदा सारखा असला की शिकविणे सोपे जाते. मास्तरांनी ‘वरच्या डाव्या कोपऱ्यात पाहा’ असे म्हटले की सगळ्या वर्गाला एकच गोष्ट दिसते.

या म्हणण्यात तथ्य आहे. पन्नास चिन्हांनी भरलेली पट्टी पाहून गोंधळणारी माणसे काही कमी नाहीत. परंतु या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, घडविणाऱ्याच्या मनातला वापरणारा आणि प्रत्यक्ष वापरणारा हे एकच आहेत. ते तसे नसतात.

पापनाशमसारख्या गावातील सरकारी शाळेत अकरावीत शिकणारी एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणावी. लॅपटॉप तिच्या नावावर मिळालेला, पण घरात तो धाकटा भाऊही वापरतो आणि रात्री वडीलही बाजारभाव पाहतात. तिला एका परिच्छेदात तमिळ लिहायचे असते आणि दुसऱ्यात इंग्रजी. म्हणून भाषा बदलण्याचे चिन्ह तिला सतत नजरेसमोर हवे असते. वडिलांना अक्षर बारीक दिसते. त्यांना घड्याळ आणि चिन्हे मोठी हवीत. भाऊ डावखुरा आहे. या तिघांच्या गरजा चेन्नईत, हेलसिंकीत किंवा बोस्टनमध्ये बसून कोणाला आधी कळणार? पट्टी हलविण्याची सोय होती ती अशांसाठीच. बॉसचा पाया देबियन ही लिनक्सची जुनी शाखा. देबियनच्या फेब्रुवारी २०११ च्या आवृत्तीत ग्नोमची दुसरी मालिका होती, मे २०१३ च्या आवृत्तीत तिसरी आली, आणि पायाबरोबर वरची इमारतही बदलली. त्या मुलीने शाळेत शिकल्याप्रमाणे पट्टीवर उजवी कळ दाबली. काही झाले नाही. पुन्हा दाबली. पुन्हा काही नाही.

अशा वेळी तिच्या मनात काय येईल? ‘घडविणाऱ्यांनी आपल्या धोरणानुसार ही सोय काढली आहे’ असे ती म्हणणार नाही. ती म्हणेल, माझेच काहीतरी चुकले. किंवा, यंत्र बिघडले. सरकारने फुकट दिलेली वस्तू बिघडली हे सांगण्याची चोरी वाटते. शेजारी सांगतात, फुकटच्या वस्तूला नावे ठेवू नयेत. मग एके दिवशी ती ती प्रणाली उघडणेच सोडून देते. विंडोज शेजारीच असते. लॅपटॉप सुरू करताना एक कळ खालीवर केली की काम भागते. ज्या प्रणालीत तिला तपासण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क होता, ती प्रणाली एका पट्टीपायी तिच्या हातून जाते. यात हानी पट्टीची नव्हे. आपल्या हाती आलेले साधन आपल्याला वळविता येते, हा विश्वास वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी बसायचा असतो. तो बसता बसता राहतो, ही खरी हानी.

येथे कोणी म्हणेल, मुक्त प्रणालीत तर कुलूप खऱ्या अर्थाने नसतेच. मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे. ज्याला पटत नाही त्याने ती घ्यावी आणि बदलावी. हेही खोटे नाही. २०११ साली तसे घडलेही. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने ग्नोमच्या दुसऱ्या मालिकेची टाकून दिलेली आज्ञावली उचलली आणि तिच्यातून ‘माते’ नावाची पडदारचना उभी राहिली. माते ही दक्षिण अमेरिकेतली एक वनस्पती. तिच्या पानांचे पेय तिकडे आपल्याकडच्या चहासारखे घरोघरी पितात. जुन्या पट्ट्या, जुनी उजवी कळ, सर्व काही तेथे परत आले. मिंट नावाच्या लिनक्सच्या मंडळींनी २०११-१२ च्या सुमारास ‘सिनॅमन’ ही आपली निराळी रचना काढली. खुद्द टोरवाल्ड्स यांनी २०११ साली ग्नोमच्या नव्या रूपावर जाहीर टीका केली आणि एक्सएफसीई या साध्या, हलक्या रचनेकडे ते वळले. पुढे ग्नोममध्ये जोडण्या घालून हवे ते बदल करण्याची सोय रुळली, तेव्हा ते पुन्हा तिकडे परतले. ज्याला न पटले तो घर सोडून गेला, कोणी नवे घर बांधले, कोणी दुरुस्ती झाल्यावर परत आला. व्यापारी प्रणालीत हे शक्य झाले नसते. मुक्त परवान्याचे हे मोठेच श्रेय आहे.

परंतु टोरवाल्ड्स यांना घर बदलता येते म्हणून पापनाशमच्या मुलीलाही ते बदलता येते, असे होत नाही. हा भेद मराठी माणसाला समजावून देण्यासाठी तंजावरसारखे दुसरे उदाहरण नाही. तंजावरच्या सरस्वती महालात मराठा राजांच्या काळातील मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत. १६७०-८० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तेथे राज्य स्थापले, १८५५ साली ते खालसा झाले. मधल्या काळातला जमाखर्च, हुकूम, मंदिरांच्या आणि अन्नछत्रांच्या नोंदी या कागदांत आहेत. त्यांतील पुष्कळ मजकूर मराठी आहे. तंजावरात आजही घरात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. कागद त्यांच्याच पूर्वजांचे, भाषाही त्यांचीच. पण मोडी वाचता येत नसल्याने ते कागद त्यांना मुके आहेत. रुमालाला कुलूप नाही, गाठ सोडायला कोणी मनाई करीत नाही. तरीही तो बंदच आहे. तमिळ विद्यापीठाने या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद करविले, तेव्हा कोठे त्यांतील काही भाग सामान्य वाचकाला खुला झाला. मुक्त प्रणालीची मूळ आज्ञावली ही अशीच मोडी आहे. ती सर्वांना खुली आहे, आणि वाचणारे मूठभर आहेत. जी मूठभर माणसे वाचू शकतात, त्यांनी न वाचणाऱ्यांना ‘दार उघडेच आहे’ असे सांगणे हे कायद्याने बरोबर असले, तरी न्यायाने अपुरे आहे.

त्यात भाषेची भर पडते. आल्ट कळ धरून उजवी कळ दाबावी, ही साधी युक्ती ज्याला ठाऊक होती त्याचे काम दोन क्षणांत होत होते. पण ती लिहिलेली असे इंग्रजीत, आणि तीही जाणत्यांच्या आपसातल्या इंग्रजीत. पडद्यावरची यादी तमिळमध्ये आली, मराठीत आली. तेवढ्याने प्रणाली मातृभाषेत आली असे आपण मानतो. अडचण पडली असता उत्तर कोणत्या भाषेत मिळते, यावरून ते ठरविले पाहिजे. तंजावरच्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत आणवून ‘बालबोध मुक्तावली’ छापविली. परमुलखातली विद्या विद्यार्थ्यापर्यंत न्यायची तर ती त्याच्या भाषेत आणि त्याच्या अक्षरात न्यावी लागते, हे त्या राजाने ओळखले होते.

या बाबतीत शेजारच्या केरळाने घालून दिलेला कित्ता उपयुक्त आहे. तेथे सरकारी शाळांसाठी उबुंटूच्या पायावर राज्याची स्वतःची प्रणाली तयार करण्यात आली आणि तिच्यात मल्याळमची सोय करण्यात आली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शिक्षकांना ती शिकविणारे शिक्षकच तयार करण्यात आले. २०१७ सालापासून ‘काइट’ या नावाने ओळखली जाणारी सरकारी कंपनी हे काम पाहते. प्रणाली कोणती निवडली, यापेक्षा अडल्यानडल्याला जवळचा माणूस कोण आहे, या प्रश्नाला तेथे अधिक महत्त्व दिले गेले. शाळेतल्या मास्तरांना किल्लीची जागा माहीत असेल, तर कुलपाचे भय राहत नाही.

तेव्हा घडविणाऱ्यांनी सर्वच कुलपे काढून टाकावीत, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. कुलपे राहोत, पण ती कोणाची आहेत हे लपून राहू नये. पट्टीवर उजवी कळ दाबल्यावर काहीच न घडणे, ही सर्वांत वाईट रीत. तेथे दोन ओळी याव्यात: ही पट्टी शाळेच्या व्यवस्थापकाने गोठवली आहे, त्यांना विचारावे, किंवा, ही मांडणी बदलायची असल्यास अमुक करावे. आणि त्या ओळी वाचणाऱ्याच्या भाषेत असाव्यात. एवढ्याने निम्मा वैताग नाहीसा होईल, कारण माणूस नकाराने जितका चिडत नाही तितका तो उत्तर न मिळाल्याने चिडतो. जे यंत्र एका घराला कायमचे दिले आहे, त्याच्या सर्व किल्ल्या त्या घराच्या हाती याव्यात. जे यंत्र शाळेच्या कक्षात आहे, त्याच्या शाळेकडे राहाव्यात.

आणि बिघडण्याच्या भीतीवर कुलपाहून चांगला उपाय आहे. पट्टी कितीही विस्कटली तरी ती पुन्हा मूळच्या जागी आणण्याची सोय असावी. माते या रचनेत पट्ट्या पूर्ववत करण्याची आज्ञा आहे. एक्सएफसीईमध्ये आवडलेली मांडणी जपून ठेवून हवी तेव्हा परत आणण्याचे साधन आहे. पाटीवर काढलेले चित्र पुसता येते, म्हणूनच मूल पाटीवर निर्धास्तपणे रेघोट्या ओढते आणि त्यातूनच अक्षर शिकते. ज्या मुलीला माहीत आहे की एका कळीने सर्व पूर्ववत होईल, ती दहा गोष्टी करून पाहील. त्यांतल्या नऊ निरुपयोगी ठरतील. दहावी तिला कामाची वाटेल आणि ती ती शेजारच्या मैत्रिणीला दाखवील.

मुक्त प्रणालीचे चार हक्क कागदावर आहेत आणि ते मोलाचे आहेत. पण त्यांतील बदलण्याच्या हक्काची पहिली ओळख आज्ञावली वाचून होत नसते. ती पट्टी वरची खाली नेताना होते, घड्याळ मोठे करताना होते, भाषेचे चिन्ह आपल्या हाताजवळ आणून ठेवताना होते. जो आज पट्टी हलवितो, त्यालाच उद्या ती कशाने हलते याचे कुतूहल वाटते, आणि त्यांतलाच एखादा परवा आज्ञावली उघडून वाचू लागतो. पापनाशमच्या शाळेतून असा एखादा विद्यार्थी निघावा असे ज्यांना वाटते, त्यांनी पट्टीचे हे लहानसे काम त्याच्या हातून काढून घेऊ नये.